तिकीट लावून रियाज

जगातल्या बहुतेक कलावंतांना आपली कला बिघडवण्यासाठी एक खोली मिळते. गवई पहाटे उठून खर्ज लावतो. त्याचा षड्ज हलला तर ते त्याला आणि तंबोऱ्याला कळतं. शेजारी तक्रार करतात, पण ती आवाजाची, षड्जाची नव्हे. चित्रकार फसलेला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवतो. कवी कागद फाडतो, निदान फाडावा अशी अपेक्षा असते. नाटकवाल्यांना महिनाभर तालीम मिळते आणि रंगीत तालमीला बोलावलेली मामा-मावशी मंडळी फुकट आल्यामुळे फुकट हसतात. स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्याला मात्र अशी खोली नाही. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेली अनोळखी माणसं, आणि ती घरी आणून गवसणीत घालून ठेवता येत नाहीत. या एका अडचणीतून त्याच्या आयुष्यातलं जवळजवळ सगळं निघतं, असं माझं म्हणणं आहे: त्याची कडकी, त्याची रात्रपाळी, त्याच्या वह्या, कंपन्यांच्या कार्यक्रमांतला त्याचा उसना सूट, आणि मधूनच त्याच्यावर दाखल होणारा गुन्हासुद्धा.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. आरसा आहे की, आरशासमोर करावा सराव! पण आरसा हा फारच मिंधा प्रेक्षक आहे, तुम्ही हसलात तरच तो हसतो. घरच्यांचं उलट असतं. आईला विनोद कळो न कळो, मुलगा वाळलाय हे पहिल्या वाक्यात कळतं आणि पुढची पंधरा मिनिटं त्या विषयावर जातात. मित्र हसतात, पण ते तुमच्या वाक्याला नव्हे, तुमच्याबरोबर काढलेल्या दहा वर्षांना हसतात. कट्ट्यावरचा हुकमी एक्का पहिल्यांदा माइक हातात घेतो तेव्हा त्याला हा फरक तीन मिनिटांत समजतो, कारण तिथे त्याला ती दहा वर्षं आधी सांगत बसायला वेळ नसतो. आणि विनोदाची गंमत अशी की त्याचा बिघाड कागदावर दिसत नाही. दोन वाक्यांमधली थांबायची जागा अर्ध्या सेकंदाने चुकली की हशा गेला. ती जागा कुठे आहे हे वहीत लिहून ठेवता येत नाही, ती लोकांच्या श्वासात सापडते. मराठीत करणाऱ्याला तर व्याकरणही आडवं येतं. आश्चर्याचा शब्द वाक्यात शेवटी यावा हा धंद्याचा नियम, आणि मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद पाय पसरून बसलेलं. ‘दारात माझे सासरे उभे होते’ म्हटलं की लोक ‘सासरे’वर हसायला तोंड उघडतात आणि ‘उभे होते’ त्यांच्या तोंडात जातं. म्हणून मुरलेला माणूस वाक्य मोडतो: ‘दार उघडलं. कोण? सासरे.’ हे मोडणं कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. चार वेळा हशा घशात अडकलेला ऐकल्यावरच ते जमतं.

पुराव्यासाठी फिलिस डिलर या बाईंकडे जावं. पाच मुलांची आई, वय ३७, आणि १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल ओनियन’ नावाच्या क्लबात ती विनोद सांगायला उभी राहिली. त्या काळात तिथेही बायकांनी विनोदाचा विषय व्हावं, वक्ता होऊ नये, असाच रिवाज होता. दोन आठवड्यांसाठी मिळालेलं काम ८९ आठवडे चाललं. लोक याला यश म्हणतात. मला तो रोज रात्री, तिकीट लावून केलेला रियाज वाटतो. पुढे बाईंनी आपले विनोद छोट्या कार्डांवर टंकून विषयवार लावून ठेवले. ४८ खणांचं पोलादी कपाट आणि त्यात पन्नास हजारांहून जास्त कार्डं, हा ऐवज आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. विनोद करणारा माणूस म्हणजे उनाड, उशिरा उठणारा, सुचेल ते बोलणारा, ही आपली समजूत त्या कपाटापुढे टिकत नाही. आपल्याकडे इतकं नीट दप्तर भूमी अभिलेख कार्यालयातही पाहायला मिळायचं नाही. तरीही कपाट म्हणजे रियाज नव्हे. कोणतं कार्ड ठेवायचं आणि कोणतं फेकायचं हे ठरवायला बाईंनाही रात्री माणसांपुढेच उभं राहावं लागलं.

आता वाद्य घरी नाही म्हटल्यावर ते भाड्याने घेणं आलं, आणि इथून हिशेबाचा गोंधळ सुरू होतो. ओपन माइक या प्रकारात नवख्याला चार-पाच मिनिटं मिळतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी तो पैसे भरतो किंवा कॉफी विकत घेतो, नाहीतर दोन मित्र पकडून आणतो. समोर बसलेल्यांत निम्मे लोक आपला नंबर लागायची वाट पाहणारे दुसरे विनोदवीर असतात. ते हसत नाहीत. दाद द्यायचीच झाली तर मान हलवून ‘चांगलं आहे’ असं गंभीरपणे म्हणतात. तंबोऱ्यानेच तुमच्या गाण्याचं परीक्षण लिहावं तसा हा प्रकार. उरलेल्या निम्म्यांना इथे काही कार्यक्रम आहे हे माहीतच नव्हतं. ते सँडविच खायला आले होते. अशा संध्याकाळी एखादं वाक्य चाललं तर ते खरंच चालतं, हा या जागांचा गुण मान्य केला पाहिजे. प्रश्न एवढाच की या रियाजाचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?

हा प्रश्न एकदा फार रीतसर लढवला गेला आहे. लॉस एंजेलिसमधल्या ‘कॉमेडी स्टोअर’च्या मालकीण मिट्झी शोर कलाकारांना मानधन देत नसत. त्यांची बाजू अशी, की ही एक प्रकारची शाळा आहे. मुलं इथे शिकतात, शिकून टीव्हीवर जातात. विद्यार्थ्याला कुणी पगार देतं का? १९७९ साली विद्यार्थ्यांनी संप केला. डेव्हिड लेटरमन आणि जे लेनोसारखी पुढे घराघरांत पोचलेली मंडळी त्या संपात होती. आठवड्यांमागून आठवडे दारात फलक धरून उभे राहिल्यावर एका सेटला २५ डॉलर असा तोडगा निघाला. मिट्झीबाईंची मला थोडी दया येते, कारण त्यांचं निम्मं बरोबर होतं. तो रियाजच होता. फक्त त्या रियाजाची तिकिटं विकली जात होती, दारूची बिलं होत होती आणि गल्ला मालकिणीकडे जमत होता. शाळेत मुलांच्या बेरजा बघायला बाहेरचे लोक पैसे देऊन बसत असतील, तर मुलांनी वाटा मागणं अगदीच गैर नाही. आपल्याकडच्या व्यावसायिक नाटकात प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाला ‘नाईट’ म्हणतात, आणि छोट्यातल्या छोट्या भूमिकेलाही नाईट असते. कारण नाटकाने तालीम आणि प्रयोग यांच्यामध्ये एक पडदा टांगलेला आहे. स्टँड-अपला पडदा नाही, मागे फार तर विटांची भिंत असते. मग यातली तालीम कुठली आणि प्रयोग कुठला, हे गल्ल्यावर बसलेल्याच्या सोयीने ठरतं.

मराठी वाचक इथे पु. ल. देशपांड्यांचं नाव घेणार, आणि त्याने ते घ्यावंच. मराठीत विनोदावर बोलताना पु. लं.चं नाव न घेणारा माणूस काहीतरी लपवत असतो. ‘बटाट्याची चाळ’ एका माणसाने टेबलाशी बसून लिहिली, एकट्याने उभी केली आणि लोक ती पाठ असूनही हसत राहिले. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून जास्त माणसं एका अंगावर वागवली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी छापील कथा घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. हे सगळं लिहून झालेलं होतं. मग कुठे गेला तुमचा अनोळखी माणसांवरचा रियाज? आक्षेप वजनदार आहे. त्याचं पहिलं उत्तर असं, की कथाकथनात आणि एकपात्रीत हशाचा भार पात्रं उचलतात. चाळीतला माणूस प्रेक्षकाला भेटला, की त्याने काय बोलावं याची प्रेक्षकच वाट बघू लागतो, आणि अपेक्षित तेच तो बोलला की खूश होतो. स्टँड-अपवाला स्वतःच्याच नावाने उभा असतो. त्याला सोंग नाही, फेटा नाही, चाळ नाही. तो पडला तर पात्र पडत नाही, तोच पडतो, आणि आडनावासकट पडतो. दुसरं उत्तर जरा अडचणीचं आहे. पाठ असलेल्या वाक्याला हसणं ही मराठी माणसाची खास सोय आहे. कॅसेट झिजेपर्यंत ऐकायची आणि हशाची जागा येण्याआधीच हसायला लागायचं, ही दाद विनोदाला कमी आणि सहवासाला जास्त असते. ती उंची दाद आहे हे मी मान्यच करतो. पण ती मिळायला आधी लोकांचं तुमच्यावर प्रेम असावं लागतं, आणि मंगळवारी रात्री साडेनऊला तळघरातल्या कॅफेत सात माणसांपुढे उभ्या असलेल्या पोराकडे ते भांडवल नसतं. त्याला सगळं आश्चर्यावर चालवायचं असतं, आणि आश्चर्य एकदाच पिकतं. ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीने २०१६पासून इंटरनेटवर मराठी विनोदाला नवा प्रेक्षक मिळवून दिला. तो प्रेक्षक घरात पु. लं.वर आणि फोनवर इंग्रजी स्पेशल्सवर वाढलेला आहे. बिचाऱ्या नव्या मराठी विनोदवीराला या दोन्ही परीक्षा एकाच पेपरात द्याव्या लागतात. (पुणेकरांवरचा विनोद प्रत्येक मराठी सेटमध्ये असतो, म्हणून इथे मुद्दाम टाळला आहे.)

दुसरा आक्षेप क्राउड वर्कवाल्यांचा. समोरच्याला विचारायचं, ‘दादा, कुठून आलात? काय करता?’ आणि तिथल्या तिथे हशा. याला कसला आलाय रियाज? हे ऐकायला पटतं, पण उत्तरांची यादी करून बघावी. दादा आयटीत असतात. आयटीत नसले तर आयटी सोडून काहीतरी करत असतात. शेजारी बसलेली बायको असते, होणारी बायको असते, किंवा ‘फक्त मैत्रीण’ असते, आणि तिसऱ्या पर्यायात सर्वांत मोठा हशा असतो. शंभर वेळा विचारून शंभर वेळा हीच उत्तरं आली, की एकशे एकाव्या वेळचा हजरजबाबीपणा कपाटातल्या कार्डासारखा तयार असतो. तमाशातल्या सोंगाड्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बतावणीत गावच्या पाटलाचं नाव घालायचं, समोर बसलेल्या फौजदाराच्या मिशीवर बोलायचं, हे त्या क्षणी सुचलेलं दिसतं, आणि साचा आदल्या गावाहून आलेला असतो. दादा कोंडके वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये प्रयोगागणिक ताज्या राजकारणावरची नवी वाक्यं घालत. लोक ती वाक्यं ऐकायलाच परत परत येत. पण ती वाक्यं बसायची कारण बाकीचं नाटक शेकडो प्रयोगांनी घोटलेलं होतं. उत्स्फूर्ततेला फार पाठांतर लागतं.

कंपन्यांच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यात आटोपतो, कारण ते स्वतःही थोडक्यात आटोपावेत अशीच सर्वांची इच्छा असते. पैसा तिथे आहे, पण वाद्य बेसूर आहे: लोक विनोदाकडे न बघता साहेबाकडे बघून हसतात, आणि साहेब पनीर टिक्क्याकडे बघत असतो. या प्रकारातला एकमेव सुखद इतिहास जॉनी लिव्हर यांचा. धारावीत वाढलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करणारा हा कामगार. कंपनीच्याच समारंभात त्याने आपल्या साहेबांच्या नकला केल्या आणि कंपनीचं नाव त्याला आडनाव म्हणून चिकटलं. बाकीचे आधी प्रसिद्ध होतात आणि मग कंपनीत जातात. हे कंपनीतून निघाले. तिथला प्रेक्षक त्यांच्यासाठी अनोळखी नव्हता, ज्यांच्या नकला होत होत्या तेही समोरच बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर यायचं होतं. एवढा धोका पत्करून केलेल्या रियाजाला फळ आलं नसतं तरच नवल.

सगळ्यात मोठी थट्टा मात्र यशस्वी माणसाची होते. इतर कलांत कीर्ती वाढली की वाद्य सुधारतं, चांगला तंबोरा येतो, चांगले साथीदार येतात. इथे कीर्तीने वाद्यच बिघडतं. स्टीव्ह मार्टिन यांनी आपल्या आत्मकथनात हिशेब मांडला आहे: १८ वर्षं स्टँड-अप, त्यातली १० शिकण्यात, ४ घोटण्यात आणि ४ अफाट यशात. त्या शेवटच्या चार वर्षांत हजारोंची मैदानं भरत होती, लोक त्यांची वाक्यं त्यांच्या आधी म्हणत होते, आणि काय खरंच चाललं हे कळायची सोय उरली नव्हती. १९८१ साली त्यांनी हा धंदा सोडला. जेरी साइनफेल्ड यांनी दुसरा रस्ता धरला. आपली मालिका संपल्यावर १९९८ साली त्यांनी सगळे जुने विनोद शेवटचे सांगितले, त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या विनोदांची लुटुपुटूची अंत्ययात्राही काढली, आणि कोऱ्या वहीने पुन्हा छोट्या क्लबात गेले. ‘कॉमेडियन’ या २००२च्या माहितीपटात हा कोट्यधीश गृहस्थ मंचावर वाक्य विसरतो, चाचरतो, कागद बघतो. नावाच्या जोरावर काही मिनिटं सवलत मिळते, मग समोरचे लोक हात बांधून बसतात. आपल्याकडे तर यूट्यूबमुळे ही अंत्ययात्रा दरवर्षी काढावी लागते. वर्ष-दीड वर्ष घोटलेला तासाभराचा सेट ज्या दिवशी चढवला त्या दिवशी लाखोंनी पाहिला आणि त्याच दिवशी तो मेला, कारण तिकीट काढणारा म्हणतो, हे तर फोनवर फुकट बघितलंय. हाच माणूस ‘चाळ’ मात्र दहाव्यांदा ऐकतो. तक्रार करून उपयोग नाही.

रियाज चारचौघांत होतो याचा एक परिणाम विनोदी नाही. गवयाचा खोलीतला चुकलेला सूर कुणाच्या भावना दुखवत नाही. विनोदाचा पहिला खर्डा बहुतेक वेळा चुकलेलाच असतो. कुठे थांबायचं हे कळायला थोडं पुढे जावं लागतं आणि पुढे गेल्याचं समोरच्या शांततेवरून कळतं. ती शांतता आता कुणीतरी चित्रित करत असतं. अमेरिकन विनोदवीर डेव्ह शॅपेल यांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत जातात ते याच भीतीने. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीने ‘दादा, कुठून आलात?’ या संहितेत दादांचं उत्तर कुणी भरायचं हा मला पडलेला प्रशासकीय प्रश्न आहे. आणि भावना दुखावल्याच्या आरोपाची किंमत खरी असते: १ जानेवारी २०२१ला विनोदवीर मुनव्वर फारुकी यांना त्याच आरोपावरून इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले.

यावर विचारी माणूस म्हणेल, मग काय वाटेल ते बोलायचं आणि रियाज म्हणून सोडून द्यायचं? नाही. घोटून, कापून, निवडून जो कार्यक्रम स्वतःच्या नावाने जगापुढे ठेवला, त्याचा जाब विचारावा. लेख लिहून, तिकीट न काढून, फारच झालं तर कोर्टात जाऊन. मार्च २०२५मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांनी यूट्यूबवर चढवलेला कार्यक्रम असा पक्का, जाणून केलेला होता, आणि त्यावर रागावण्याचा हक्क रागावणाऱ्यांना होताच. पण शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी फोडलं ते, जिथे तो चित्रित झाला ते मुंबईतल्या खारचं ‘हॅबिटॅट’. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसंही हातोडे घेऊन तिथेच पोचली. राज्यकारभारात इतकी तत्परता पाहून इतर तक्रारदारांना हेवा वाटला असेल. ज्याचा राग होता तो सुखरूप होता, त्याची चित्रफीत लोक अधिकच बघत होते. बंद पडली ती जागा, जिथे ज्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत अशी शेकडो पोरं आपली पाच मिनिटं घोटत होती. गायकावर चिडून संगीत विद्यालयाचे तंबोरे फोडण्यात धोरण काय, हे कुणीतरी समजावून द्यायला हवं.

तेव्हा या धंद्यात सर्वांत दुर्मीळ माल कोणता, तर प्रामाणिक प्रेक्षक. तो विकत घ्यायचे प्रयत्न झालेले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या नाट्यगृहांत हसण्यासाठी पगारी माणसं बसवत; रडण्यासाठी बायका वेगळ्या असत. अमेरिकन टीव्हीवर चार्ली डग्लस नावाच्या तंत्रज्ञाने हशाचं यंत्रच बनवलं, बटण दाबलं की खसखस आणि दुसरं दाबलं की गडगडाट. २००५च्या ‘ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये हे काम परीक्षक नवज्योतसिंग सिद्धूंनी यंत्राशिवाय एकट्याने केलं. हे सगळे उपाय टीव्हीला पुरतात, कारण टीव्हीला हशा ऐकवायचा असतो. विनोदवीराला तो तपासायचा असतो, आणि पगारी हशावर वाक्य तपासणं म्हणजे स्वतःच स्वतःला पास करणं. त्याच्या कामाचा माणूस एकच: ओळख नाही, उपकार नाहीत, हसण्याची सक्ती नाही, आणि तरी आलाय. रोजच्या सातांत असा एखादाच असतो. कॅफेवाल्यांनी त्याला पुढच्या रांगेत बसवावं, कॉफीचे पैसे घेऊ नयेत, आणि मिट्झीबाईंच्या दारातल्या संपाचं गणित शेवटपर्यंत न्यायचं ठरलं तर महिनाअखेरीला त्यालाही नाईट द्यावी. हसला नाही तरी कापू नये.